एकाच ड्रॉइंगचे तीन टायटल ब्लॉक : तुम्ही कसे सांभाळता?

कुपवाडी_स्केल
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात ड्रॉइंगचं काम बघतो. पंपाचे सुटे भाग बनतात. केसिंग, बेअरिंग हाऊसिंग, असलं. कास्टिंग बाहेरून येतं, मशीनिंग आमच्याकडे. डिझाइन आमचंच, पण तोच भाग दोन गिऱ्हाइकांना जातो आणि दोघांनाही ड्रॉइंग आपापल्या टायटल ब्लॉकमध्ये (कोपऱ्यातली नाव-नंबर-माहितीची चौकट) पाहिजे. एक पुण्याचा, दुसरा अमेरिकेला माल पाठवणारा. शिवाय शॉप फ्लोअरला आमचा स्वतःचा फॉरमॅट.

माझ्या आधीपासून चालत आलेली पद्धत अशी : ड्रॉइंग झालं की 'सेव्ह ॲज', ब्लॉक उडवायचा, दुसरा टाकायचा. एका भागाच्या तीन डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या फाईली). नव्या असतात तोवर तिन्ही सारख्या. मग कधीतरी बोअरचं (आतल्या भोकाचं) टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट, बदलतं, घाईत शॉप फ्लोअरची फाईल सुधारली जाते आणि बाकीच्या दोन तशाच राहतात. पुण्याच्या इन्स्पेक्टरनं त्यांच्या फॉरमॅटमधली प्रिंट आमच्या मशीनवर टांगलेल्या प्रिंटशेजारी धरली आणि फरक बोट ठेवून दाखवला. मालक म्हणतात रजिस्टर ठेवा. रजिस्टर आहे हो, ते भरायला माणूस नाही.

एका कॉम्प्युटरवर पूर्ण ऑटोकॅड, दुसऱ्यावर एलटी (त्याचीच कमी सोयींची आवृत्ती). सॉलिडवर्क्स अजून मालकांच्या विचाराधीन. तुमच्याकडे काय करता?

मिरजेचा_तंबोरा
'टायटल ब्लॉक' वाचून वाटलं कुणाचा तरी प्लॉट अडकला. चांगला वकील सुचवायला आलो होतो. चालू द्या.

लेआउटवाला
तीन फाईल मुळात कशाला? मॉडेल स्पेसमध्ये (ऑटोकॅडमधली मूळ ड्रॉइंगची जागा) भाग एकदाच, १:१ मध्ये. मापंही तिथंच. खाली लेआउटचे (प्रिंटच्या कागदाचे) तीन टॅब, प्रत्येकात व्ह्यूपोर्ट (मॉडेलमधला भाग दाखवणारी खिडकी) आणि त्या त्या गिऱ्हाइकाची चौकट. बोअर बदलला की तिन्हीकडे बदलला. एका फाईलमध्ये अनेक लेआउट ही सोय ऑटोकॅड २००० पासून आहे. तरी साताऱ्यात आमच्या आसपासचे निम्मे लोक अजून मॉडेल स्पेसमध्येच चौकट काढतात, ती दहापट फुगवतात आणि मग प्रिंटचं स्केल शोधत बसतात.

शेंगदाणा_चटणी
@लेआउटवाला, हे पीडीएफपुरतं ठीक. गिऱ्हाईक डीडब्ल्यूजी मागतं तेव्हा? पुणेकराला फाईल पाठवली आणि त्यानं शेजारचा टॅब उघडला तर दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नाव, पार्ट नंबर, सगळं समोर. आमच्या ओळखीतल्या एका जॉबवर्कवाल्याचं असंच झालं. पुढच्या ऑर्डरला भाव पाडून मागितला, कारण माल कुणाकडे जातो ते कळलं.

लेआउटवाला
मुद्दा बरोबर. 'एक्सपोर्टलेआउट' कमांड आहे. समोरचा लेआउट जसा दिसतो तसा नव्या फाईलच्या मॉडेल स्पेसमध्ये उतरवून देते. बाकीचे टॅब त्यात जात नाहीत. गिऱ्हाइकाला तीच फाईल द्या, मूळ फाईल कंपाउंडच्या बाहेर जाऊ द्यायची नाही.

रेषा_आणि_रंधा
एक्सपोर्टलेआउट एकदोन ड्रॉइंगला बरं. रोजचं असेल तर एक्सरेफ, म्हणजे एक फाईल दुसरीत नुसती जोडून दाखवायची. मी कराडला डिझाइन कन्सल्टिंग करते, गिऱ्हाइकांच्या फॉरमॅटमध्ये देणं हाच धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भागाची एक बेस फाईल. त्यात फक्त भूमिती आणि मापं, चौकट नाही, गिऱ्हाइकाचं नाव नाही. मग प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळी शीट फाईल, तिच्यात बेस फाईल एक्सरेफनं ओढलेली आणि लेआउटमध्ये त्यांचा ब्लॉक. शीट फाईलमध्ये एकही रेघ मारायची नाही, हा आमच्याकडे कडक नियम आहे. डीडब्ल्यूजी मागितली तर एक्सरेफ बाइंड करून (जोडलेली फाईल आत कायमची मुरवून) द्यायची. बाइंड करताना 'बाइंड' निवडलं तर लेयरच्या नावात मध्येच डॉलर-शून्य-डॉलर घुसतं आणि गिऱ्हाइकाचा कॅडवाला फोन करतो. 'इन्सर्ट' निवडा, नावं साधी राहतात.

आणि जोडलेल्या फाईलचा पाथ (पत्ता) रिलेटिव्ह, म्हणजे शीट फाईलच्या जागेवरून मोजलेला, ठेवा. २०१८ च्या आवृत्तीपासून तो आपोआप रिलेटिव्ह येतो, पण जुन्या फाईलमध्ये डी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता चिकटलेला असतो. फोल्डर हलवलं की चौकट तेवढी दिसते, आत मोकळं मैदान.

सीएनसी_भावड्या
तुमचं एक्सरेफ फिक्सरेफ चालू द्या, पण आमच्याकडं काय येतंय ते सांगतो. व्हॉट्सॲपवर पीडीएफ. नाव 'फायनल'. दोन तासानं दुसरी, नाव 'फायनल न्यू'. मग साहेबांचा फोन, "आधीचीच बरोबर हाय." आता जॉब चकमध्ये लावलाय, मी कुठली बघू? आम्हाला तुमच्या चौकटीचं काही पडलेलं नाही ओ. कोपऱ्यात रिव्हिजन (कितवी सुधारणा ते) मोठ्या अक्षरात टाका, मशीनवरून चष्मा न लावता दिसंल असं. बाकी त्या ब्लॉकमध्ये तुमच्या कंपनीचं बोधचिन्ह किती का सुंदर असंना.

वाडीचे_काका
किर्लोस्करवाडीच्या बाजूला राहतो, हयात ड्रॉइंग ऑफिसात गेली. तुमचं एक्सरेफ ऐकून गंमत वाटली. आमच्या वेळी ट्रेसिंग एकच असायचं आणि ते लोखंडी कपाटात कुलपात. पार्टीचा ब्लॉक वेगळ्या पारदर्शक फिल्मवर काढलेला. प्रिंट काढताना ट्रेसिंगवर ती फिल्म ठेवायची आणि दोन्ही मिळून अमोनियाच्या मशीनमधून काढायचं. डोळ्यांतून पाणी यायचं त्या वासानं. पण मूळ ट्रेसिंगला हात लावायचा तर हेडची सही लागायची. ब्लेडनं शाई खरवडून दुरुस्ती केली की तिथं त्रिकोण आणि आत नंबर. आज 'कंट्रोल एस' दाबायला कुणाची सही लागत नाही, तिथं तुमची गोची आहे.

गावभागातला
काका, ते ट्रेसिंग आता कुठे आहेत? आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपचं अख्खं कपाट २०१९ च्या महापुरात गेलं. तळमजल्यावर होतं. पाणी उतरल्यावर गुंडाळ्या उलगडल्या तर कागदाचा लगदा. नंतर सगळ्यांनी स्कॅनिंगवर खर्च केला.

वाडीचे_काका
आमचे उंचावर होते म्हणून वाचले. काही आता वाळवीनं खाल्ले.

उणे_शून्य_दशांश_दोन
क्वालिटीत आहे, तासवडे एमआयडीसी. लेआउट आणि एक्सरेफनं भूमितीचा प्रश्न सुटला हे मान्य. पण टायटल ब्लॉक म्हणजे नुसतं नाव-गाव-फळ-फूल आहे असं धरून सगळे बोलताहेत.

ब्लॉकमध्ये जनरल टॉलरन्स असतं. धागाकर्त्याच्या ब्लॉकमध्ये 'आयएसओ २७६८-एम' लिहिलंय असं समजा. मग टॉलरन्स न दिलेल्या ४० मिमीला ±०.३ मिळतं, २० मिमीला ±०.२. अमेरिकी पद्धतीच्या ब्लॉकमध्ये बऱ्याचदा दशांश स्थळांचा तक्ता असतो. एक स्थळ लिहिलं तर इतकी सूट, दोन लिहिली तर त्याहून कमी. तिथं ४०.० आणि ४०.०० ही दोन वेगळी मापं झाली. रेघ तीच, आकडा तोच, चौकट बदलली आणि पास असलेला भाग नापास झाला.

दुसरं, प्रोजेक्शन, म्हणजे व्ह्यू कुठल्या बाजूला मांडायचे ती पद्धत. आपण फर्स्ट अँगल, अमेरिका थर्ड अँगल. ब्लॉकमधलं शंकूचं चिन्ह बदललं आणि व्ह्यू होते तिथंच ठेवले, तर वाचणाऱ्यासाठी डावी बाजू उजवी होते. सममित भागात कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्या हाऊसिंगला ऑइलचं भोक एकाच बाजूला आहे, तिथं भंगार.

तिसरं, मटेरियल. तुमच्या रकान्यात आयएस २१० चं एफजी २६० (बीडाची प्रत). परदेशी गिऱ्हाइकाच्या रकान्यात तुम्ही 'जवळचं' म्हणून ईएन-जीजेएल-२५० टाकणार. एकात किमान ताणबल २६०, दुसऱ्यात २५० मेगापास्कल. फाउंड्रीनं टेस्ट बारचं सर्टिफिकेट कुठल्या नावानं द्यायचं? ते आधी गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या.

मिरजेचा_तंबोरा
नाव-गाव-फळ-फूल मध्ये 'ट' वरून टॉलरन्स चालतं का?

लेआउटवाला
@उणे_शून्य, प्रोजेक्शनवर उपाय आहे. मॉडेल स्पेसमध्ये व्ह्यू एकमेकांपासून लांब मांडा आणि लेआउटमध्ये प्रत्येक व्ह्यूला स्वतंत्र व्ह्यूपोर्ट द्या. फर्स्ट अँगलच्या लेआउटमध्ये टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली, थर्ड अँगलच्या लेआउटमध्ये वर. बाजूचे व्ह्यूही तसेच डावीकडचे उजवीकडे. भूमिती एकच, मांडणी दोन. फक्त दोन व्ह्यूंच्या मधोमध टाकलेली मापं आणि जोडरेघा असल्या की पंचाईत होते, ती एका व्ह्यूच्या हद्दीत ओढून घ्यावी लागतात.

गिऱ्हाइकाच्या नोट्स मॉडेलमध्ये टाकूच नका, ज्याच्या त्याच्या लेआउटमध्ये कागदावर लिहा. एखादी मॉडेलमध्ये ठेवावीच लागली तर वेगळ्या लेयरवर ठेवून बाकीच्या व्ह्यूपोर्टांत तो लेयर व्हीपी फ्रीझ करा (तेवढ्यापुरता लपवा).

उणे_शून्य_दशांश_दोन
चालेल. पण टॉलरन्सचं काय? तिथं मांडणी बदलून भागत नाही.

लेआउटवाला
तिथं हात टेकले.

घाटावरचा_फिटर
माझं मत जरा उलटं आहे. एकच ड्रॉइंग तिन्ही चौकटीत बसवायचं हेच मुळात चुकीचं. डिझाइन तुमचं आहे ना? मग ड्रॉइंग एकच, ब्लॉक तुमचाच. ब्लॉकच्या वर एक छोटा तक्ता : गिऱ्हाइकाचा पार्ट नंबर, त्यांचं रिव्हिजन. संपलं. आम्ही सातारच्या जुन्या एमआयडीसीतून बरीच वर्षं असंच देतोय. दहा गिऱ्हाइकांतले आठ काही बोलत नाहीत, त्यांना नंबर जुळला की झालं. उरलेले दोन मोठे असतात, त्यांच्यासाठी करा काय ती सर्कस.

आणि डिझाइन गिऱ्हाइकाचं असेल तर त्यावर आपला ब्लॉक लावणंच बरोबर नाही. त्यांच्या चौकटीत 'हे ड्रॉइंग आमच्या मालकीचं' अशी ओळ छापलेली असते, ती काय शोभेला?

शेंगदाणा_चटणी
मोठे दोन म्हणजेच ऐंशी टक्के धंदा असतो हो फिटरसाहेब. सर्कस त्यांचीच करायची असते.

उणे_शून्य_दशांश_दोन
तरी फिटर यांच्याशी अर्धा सहमत. टॉलरन्सचा तिढा सोडवायचा एकच सरळ मार्ग मला दिसतो : महत्त्वाच्या प्रत्येक मापाला टॉलरन्स मापावरच लिहा. ब्लॉकवर अवलंबून राहील असं काही ठेवूच नका. मग ब्लॉकमधला तक्ता कुठलाही असला तरी त्याचं राज्य फक्त बिनमहत्त्वाच्या मापांवर चालतं, आणि तिथंही दोघांपैकी जे कडक असेल ते पाळून मशीनिंग करा. ड्रॉइंग थोडं गजबजतं, पण चौकट कुणाचीही लावा, भाग तोच राहतो.

विश्रामबाग_आर्किटेक्ट
आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या अवतारात येतो. महापालिकेला द्यायची सबमिशन शीट वेगळी, साइटवरच्या मिस्त्रीची वेगळी, मालकाला दाखवायची वेगळी. पालिकेच्या शीटवर क्षेत्रफळाचा तक्ता, प्रोफॉर्मा, सह्यांच्या जागा. त्यातलं मिस्त्रीला काही नको. सगळ्यांचा प्लॅन एकाच बेसवरून एक्सरेफनं. रेषा यांनी लिहिलंय तेच. फरक इतकाच की मंजूर झालेली शीट गोठवावी लागते. मंजुरीनंतर मालक बाथरूम सरकवतात, बेस फाईल बदलते आणि मंजूर शीट आपोआप 'सुधारते'. ते होऊ द्यायचं नसतं! मंजुरीच्या दिवशीची प्रत बाइंड करून, रीड ओन्ली करून बाजूला ठेवतो.

सीएनसी_भावड्या
मॅडम, बाथरूम सरकलं तर चालतंय, आमचा बोअर सरकला की डेबिट नोट येती.

मिरजेचा_तंबोरा
विश्रामबागेत संध्याकाळी भडंग खात कुणी भेटणार असेल तर हा धागा तिथं सोडवू. इथं डोकं चालेना.

गावभागातला
भडंग जयसिंगपूरचं. यावर वेगळा धागा काढा, इथं रक्तपात नको.

रेषा_आणि_रंधा
विश्रामबाग यांचा मुद्दा मशीनिंगलाही लागू आहे आणि मी तो आधी लिहायला हवा होता असं आता वाटतंय. गिऱ्हाइकाला दिलेलं ते गोठलं पाहिजे आणि कारखान्यातलं जिवंत राहिलं पाहिजे. म्हणून डीडब्ल्यूजी मागितली नसेल तर देवाण फक्त पीडीएफनं, आणि पीडीएफच्या नावातच ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, गिऱ्हाइकाचा संकेत. 'फायनल' हा शब्द नावात दिसला की मी फाईल परत पाठवते.

आता रिव्हिजन. यात बहुतेकजण अडकतात, कारण रिव्हिजन दोन असतात. आपलं एक, गिऱ्हाइकाचं एक. ती कधीच जुळणार नाहीत, जुळवायच्या भानगडीत पडू नका. आपण एखादी नोट सुधारली की आपलं ०३ चं ०४ होतं, त्यांच्याकडे 'सी' चं 'सी' च राहतं. अमेरिकी पद्धतीत तर अक्षरांतून आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड वगळतात, आकड्यांशी किंवा एकमेकांशी गोंधळ होऊ नये म्हणून. 'एच' नंतर 'जे' दिसलं की एक रिव्हिजन हरवलं म्हणून शोधू नका.

आपलं रिव्हिजन हाताने तीन चौकटींत लिहायचं नाही. एका फाईलमध्ये तीन लेआउट असतील तर 'डीडब्ल्यूजीप्रॉप्स' मध्ये जाऊन कस्टम टॅबखाली 'अंतर्गत रिव्हिजन' असा गुणधर्म बनवा. मग प्रत्येक चौकटीच्या ॲट्रिब्यूटमध्ये (ब्लॉकमधली मजकूर भरायची जागा) फील्ड (आपोआप बदलणारा मजकूर) घालून तो गुणधर्म जोडा. रिव्हिजन एका जागी बदललं, 'रीजन' (चित्र ताजं करायची कमांड) दिलं की तिन्हीकडे बदलतं. फाईल उघडताना, सेव्ह करताना आणि प्रिंट काढतानाही फील्ड ताजं होतं. गिऱ्हाइकाचं रिव्हिजन मात्र त्याच्या त्याच्या ब्लॉकमध्ये साधं ॲट्रिब्यूट म्हणूनच ठेवा, ते त्यांच्या पत्राशिवाय बदलायचं नाही.

पूर्ण ऑटोकॅडवर शीट सेट मॅनेजर (अनेक लेआउट एका गटात सांभाळायची सोय) वापरता आला तर अजून सुटसुटीत. एक लेआउट एकाच शीट सेटमध्ये राहू शकतो. त्याचा फायदा घ्या. पुण्याचा सेट वेगळा, निर्यातीचा वेगळा. गिऱ्हाइकाचं नाव, प्रोजेक्ट, पत्ता सेटमधून येतो. पत्ता बदलला की सेटमध्ये एकदा बदलायचा.

कुपवाडी_स्केल
बापरे, दोन दिवस साइटवर होतो, परत येऊन बघतो तर हे! सगळ्यांचे आभार.

फील्डचं आजच एका हाऊसिंगवर करून बघितलं, एलटीवरही चाललं. शीट सेट आमच्या एलटीत नाही, तो सध्या बाजूला. प्रश्न एक : पुण्याच्या गिऱ्हाइकानं ब्लॉकमध्ये नवा रकाना घातलाय. ब्लॉक नव्यानं डिफाइन केला तर जुन्या ड्रॉइंगमध्ये रकान्याची चौकट दिसते पण त्यात लिहायची जागाच येत नाही.

लेआउटवाला
ॲट्रिब्यूट नव्यानं घातलं तर आधीच टाकलेल्या ब्लॉकला ते आपोआप चिकटत नाही. 'ॲटसिंक' द्या, किंवा 'बॅटमॅन' मध्ये जाऊन सिंक दाबा. भरलेली माहिती राहते, पण ॲट्रिब्यूट कुणी हाताने हलवलेलं असेल तर ते मूळ जागी जातं, एवढं बघून घ्या.

सीएनसी_भावड्या
बॅटमॅन?? आता कुपवाडात बॅटमॅन पण आला का. नाद खुळा.

लेआउटवाला
ब्लॉक ॲट्रिब्यूट मॅनेजरची कमांड आहे भावा. रात्री लाइट गेल्यावर येत नाही.

वाडीचे_काका
एक विचारतो. सगळ्या कंपन्यांनी एकच ब्लॉक का वापरू नये? प्रमाणित ब्लॉक आहे की.

उणे_शून्य_दशांश_दोन
आहे काका, आयएसओ ७२००, २००४ ची आवृत्ती. रुंदी १८० मिमी, म्हणजे उभ्या ए४ वर डावीकडे २० आणि उजवीकडे १० मिमी समास सोडून उरतं तेवढीच. त्यामुळे ए४ पासून ए० पर्यंत एकच ब्लॉक चालतो. सक्तीचे रकाने मोजके : मालक कोण, नंबर, तारीख, शीट, शीर्षक, कुणी काढलं, कुणी मंजूर केलं, कागदाचा प्रकार. स्केल, प्रोजेक्शन आणि टॉलरन्स तर ब्लॉकच्या बाहेर लिहा असंच त्यात म्हटलंय. तसं झालं असतं तर माझी वरची अर्धी पोस्ट लिहावीच लागली नसती. पण मोठ्या कंपनीला स्वतःची चौकट सोडवत नाही, आणि छोट्याला विचारतो कोण.

घाटावरचा_फिटर
तेच तर म्हणतोय, विचारायची वाट बघू नका, आपलीच द्या.

कुपवाडी_स्केल
फिटरसाहेब, पुण्याच्या खरेदीवाल्यांना काल हेच विचारून बघितलं. आमच्या ब्लॉकवर त्यांच्या नंबरचा तक्ता चालेल का? ते म्हणाले, क्वालिटीला विचारतो. निर्यातवाल्यांनी मात्र सरळ नाही सांगितलं. म्हणजे कदाचित तीनाचे दोन होतील. तेही कमी नाही.

आता जुन्या फाईली. कपाटभर आहेत. सगळ्या नव्या पद्धतीत आणायच्या म्हटलं तर वर्षभर दुसरं काम होणार नाही.

रेषा_आणि_रंधा
सगळ्या आणू नका. ज्या भागाला पुढचं रिव्हिजन येईल किंवा पुढची ऑर्डर येईल तेवढाच बदला. तिन्ही फाईल आधी 'डीडब्ल्यूजी कम्पेअर' मध्ये एकमेकींवर टाकून फरक काढा, कुठली खरी ते शॉप फ्लोअरवरचा चालू भाग मोजून ठरवा, कुणाच्या आठवणीवरून नको. मग तिला बेस करा. उरलेल्या दोन 'रद्द' फोल्डरमध्ये, पुसायच्या नाहीत.

सीएनसी_भावड्या
आणि मशीनवरची जुनी प्रिंट परत नेल्याबिगर नवी देऊ नका. आमच्या पोरांनी जुन्यांच्या मागं रोजचं प्रोडक्शन लिहून ठेवलेलं असतं, ते आधी उतरवून घेऊ द्या त्यांना.